जोतं काढायच्या आधीच इंटिरियरवाल्याला बोलवावं का? (सांगली)

हळदकांडी
नमस्कार मंडळी. विश्रामबागच्या पुढं आतल्या बाजूला आमचा ३० बाय ५० चा प्लॉट आहे, दिवाळी झाली की काम काढायचंय. खाली वर मिळून दोन मजले. घरात आम्ही पाच जण, आई-बाबा, मी, बायको आणि चौथीतली मुलगी. इंजिनिअरनी प्लॅन काढलाय, अजून महापालिकेत टाकलेला नाही. आता घरात वाद असा की बायको म्हणते प्लॅन मंजुरीला टाकायच्या आधी एकदा इंटिरियर डिझायनरला दाखवूया, फर्निचर कुठं बसणार ते आधी ठरू दे. बाबा म्हणतात आधी भिंती तर उभ्या राहू देत, सुतार काय पळून चाललाय का, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मला दोघांचंही पटतंय आणि फीचा खर्च आत्ताच वाढवायची भीती पण वाटतीय. ज्यांनी घर बांधलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

भडंगपुडी
आत्ताच दाखवा. स्लॅब पडल्यावर दाखवलं तर तो फक्त रंग सांगणार.

कोयनेची_लेक
वहिनींचं ऐका. आमचं घर साताऱ्यात गोडोलीत, चार वर्षं झाली. आम्ही सगळं बांधून झाल्यावर इंटिरियरवाली बाई बोलावली. पहिल्याच बेडरूममध्ये ती दारात उभी राहिली, टेप लावला आणि म्हणाली ताई इथं कपाट होणार नाही. खोली १० बाय १२, म्हणजे लहान नाही. पण दार कोपऱ्यापासून चार इंचावर घेतलेलं. कपाट दोन फूट खोल असतं, ते १० फुटी भिंतीला लावायचं म्हणलं तर सरळ दारात येतं. तेच दार कोपऱ्यापासून सव्वादोन फूट सोडून घेतलं असतं तर कपाट भिंतभर झालं असतं, उरलेल्या १० बाय १० मध्ये सहा फुटी बेड बसून दोन्ही बाजूला दोन-दोन फूट जायला यायला राहिले असते. गवंड्याला त्यासाठी एक रुपया जास्त द्यावा लागला नसता. शेवटी बेड खिडकीखाली सरकवला, आता पावसाळ्यात उशाशी पाणी येतं. आणि त्या बेडच्या डोक्याशी बोर्ड नाही, तो समोरच्या भिंतीवर. चार वर्षं झाली मी रोज रात्री उठून लाईट बंद करते.

निवृत्त_मास्तर
हळदकांडी, तुमच्या वडिलांची बाजू मी मांडतो. आम्ही १९९४ साली तासगावात घर बांधलं. इंजिनिअर एक, गवंडी एक, सुतार एक. इंटिरियर हा शब्द पण ऐकला नव्हता. तीस वर्षं झाली, दोन मुलींची लग्नं त्या घरातून झाली, कुणाला काही कमी पडलं नाही. माणसाला राहायला लागल्यावर कळतं कुठं काय पाहिजे. आधीच सगळं ठरवलं की घर प्रदर्शनासारखं होतं आणि पैसा भिंतीला चिकटतो. आमच्या घरात हॉलमध्ये फडताळ, देवाला कोनाडा, स्वयंपाकघरात भिंतीतल्या कडप्प्याच्या मांडण्या, एवढ्यात सगळं मावतं.

ओळंबा
मी मिरजेत कॉन्ट्रॅक्टर आहे, २२ वर्षं हेच काम. डिझायनर कोण आणा कोण नको ते तुम्ही बघा, पण काय कधी ठरलं पाहिजे ते सांगतो.
स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी वायरमन सळईत पाइप टाकतो, फॅन बॉक्स ठेवतो. त्या दिवशी मालक साइटवर उभा असतो आणि वायरमन विचारतो साहेब फॅन कुठं? साहेब म्हणतात मधोमध. आता खोलीच्या एका बाजूनं दोन फूट कपाट जाणार असेल तर मधोमध घेतलेला फॅन पुढं एका बाजूला दिसतो आणि वारं कपाटाच्या दारांना लागतं. कपाट धरून मध्य काढायचा असतो. पण कपाट कुठाय ते तोवर कुणालाच माहीत नसतं.
दुसरं म्हणजे झिरी. भिंत बांधून झाली की वायरमन कटर घेऊन वायरीच्या पाइपसाठी भिंतीत झिऱ्या मारतो. तेवढं चालतं. पण गिलावा होऊन, फरशी होऊन, रंग होऊन परत झिरी मारायची म्हणजे काय धूळ आणि काय खर्च ते ज्याचं झालंय त्यालाच विचारा. त्यातून चार इंची भिंतीत आडवी लांब झिरी मारली तर भिंतीचा जीव जातो. आणि कॉलम-बीमला तर हात लावूच देऊ नका, चिमणीच्या पाइपसाठी बीममधनं सहा इंची भोक पाडा म्हणणारे लोक मी बघितलेत. मी काम सोडून दिलं पण भोक पाडलं नाही.

बेदाणा
@निवृत्त_मास्तर काका, राग मानू नका, पण तुमचं फडताळ, कोनाडा आणि मांडण्या भिंत बांधताना झाल्या की भिंत बांधून झाल्यावर?

निवृत्त_मास्तर
बांधतानाच. नंतर कसं होईल? कडप्पे भिंतीत घेतलेत.

बेदाणा
मग काका तुमच्या घराचं इंटिरियर जोतं काढायच्या आधीच ठरलेलं होतं की. फडताळ कुठं, कोनाडा केवढा, देव कुठल्या तोंडाला, हे काकू आणि गवंडी दोघांनी मिळून ठरवलं असणार. पूर्वी गवंड्यालाच ते कळायचं. आता गवंडी बाहेरचे, सुतार वेगळा, मॉड्युलरवाला वेगळा, वायरमन वेगळा, एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. म्हणून ते सगळं एका कागदावर आणायला माणूस लागतो.

निवृत्त_मास्तर
हे मात्र खरं. कोनाडा हिनं स्वतः उभं राहून करून घेतला होता. समई आत ठेवली की ज्योत वरच्या कडेला लागू नये म्हणून समईच घेऊन आली होती साइटवर.

भडंगपुडी
काकूंना नमस्कार सांगा. डिझायनर काकूच होत्या.

कंदीपेढा
थोडं थांबा, दुसरी बाजू पण ऐका. आमचं शाहूपुरीत काम होतं तेव्हा मेव्हण्याच्या ओळखीनं बाहेरगावचा एक डिझायनर घेतला, बांधकामाच्या आधीच घेतला. चार महिने तो फक्त थ्रीडी चित्रं पाठवत होता. टीव्हीच्या भिंतीची अकरा चित्रं. बाथरूमच्या उताराचं, नळाच्या पॉइंटचं एक पण ड्रॉइंग नाही. शेवटी आमच्या प्लंबरनी कंटाळून स्वतःच्या मनानं पाइप टाकले. वर प्लाय त्या डिझायनरनी सांगितलेल्या दुकानातनंच घ्यायचा. बिल बघितल्यावर मी दुसऱ्या दुकानात भाव काढला, फरक दिसला, त्यावरनं वाद झाला आणि तो काम अर्ध्यात सोडून गेला. तेव्हा आधी बोलावणं चांगलं, पण माणूस बघून.

उतारमाप
मी आर्किटेक्ट आहे, पण या धाग्यावर काम मागायला आलेलो नाही, एवढं आधी सांगतो.
कंदीपेढा यांचा अनुभव मी पण बऱ्याच जणांकडून ऐकलाय. एक गोष्ट लोकांना माहीत नसते. आर्किटेक्ट हा शब्द नावापुढं लावायला आर्किटेक्ट्स अॅक्ट १९७२ प्रमाणं कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी लागते. इंटिरियर डिझायनरला अशी कायद्यानं सक्तीची नोंदणी नाही. पाच वर्षं शिकून आलेला पण इंटिरियर डिझायनर आणि दोन महिने सॉफ्टवेअर शिकलेला पण इंटिरियर डिझायनर. म्हणून चित्रं बघून माणूस ठरवू नका. त्याला म्हणा, तुम्ही मागच्या साइटला वायरमनला दिलेलं ड्रॉइंग दाखवा. ज्यात प्रत्येक बोर्ड जमिनीपासून किती उंचीवर, कोपऱ्यापासून किती अंतरावर, १६ अँपिअरचे (गीझर, एसीसारख्या जड यंत्रांचे) पॉइंट कुठं हे लिहिलंय ते. ते दाखवता आलं तर पुढं बोला.
आणि हळदकांडी, फीच्या भीतीबद्दल. सगळं काम त्याला द्यायलाच पाहिजे असं नाही. फक्त फर्निचर लेआऊट, लाईटचे पॉइंट, नळाचे पॉइंट आणि सीलिंगची लेव्हल एवढ्याच ड्रॉइंगचं लमसम, म्हणजे एकरकमी फी, ठरवता येतं. फर्निचर नंतर तुमच्या सुताराकडनं करा नाहीतर कुणाकडनं पण. फी स्क्वेअर फुटावर आहे की एकूण कामाच्या टक्क्यावर, साइटला किती वेळा येणार, १८ टक्के जीएसटी धरलाय का, हे सगळं लिहून घ्या.
अजून एक. तुम्ही प्लॅन अजून महापालिकेत टाकला नाही हे फार बरं झालं. मंजुरीनंतर खिडकी हलवली, बाहेरची भिंत सरकवली, जिना फिरवला की सुधारित मंजुरीचा व्याप. आत्ता तेच पेन्सिलीनं होतं.

हळदकांडी
@उतारमाप खूप आभार, फक्त ड्रॉइंगचं वेगळं ठरवता येतं हे माहीतच नव्हतं. बाबांना हे सांगितलं तर ते पण ऐकतील असं वाटतंय. पण मग लॅमिनेटचे रंग, हँडल, पडदे हे पण आत्ताच ठरवायचं का? मला तर काही सुचत नाही.

ओळंबा
अजिबात नको. सिमेंटच्या आत जे जाणार ते आत्ता. वर जे चिकटणार ते नंतर. दोन वर्षांनी काम संपेपर्यंत रंगाची फॅशन पण बदलते आणि तुमचं मन पण.

गावभागवाला
सांगलीत बांधताय म्हणून लिहितो. तुमचा भाग उंचावर आहे, तरी पूररेषेच्या नकाशावर गट नंबर एकदा बघून घ्या. निळ्या (वरचेवर येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) रेषेच्या मधे प्लॉट असला तर जोत्याच्या उंचीचे नियम लागतात.
आमचं घर गावभागात. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला परत आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोका पातळी ४५ ची. आमच्या हॉलमध्ये माझ्या छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर आत गेलो तर प्लायची कपाटं फुगून दारं उघडत नव्हती, मॉड्युलर किचनचे खालचे सगळे बॉक्स हातानं सोलून निघत होते. आईच्या लग्नातला शिसवी पाट तेवढा धुवून परत वापरात आला.
२०२१ नंतर खालचा मजला परत केला तेव्हा आम्ही आधी बसून ठरवलं. खाली प्लाय नाहीच. किचन कट्ट्याखाली कडप्प्याचे उभे पार्टिशन, वर ग्रॅनाइट, दारं ॲल्युमिनियमची, काढून वर नेता येतील अशी. तळमजल्याची वायरिंग वरनं खाली आणली, बोर्ड साडेचार-पाच फुटांवर, खालच्या मजल्याचं सर्किट वेगळं म्हणजे ते बंद करून वरचा मजला चालू राहतो. इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर. वर एक छोटा कट्टा आणि सिंकचा पॉइंट काढून ठेवलाय. नदी फुगायला लागली की आई वर स्वयंपाक करते. हे सगळं भिंती उघड्या होत्या म्हणून जमलं.

कोयनेची_लेक
@गावभागवाला वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं पूर नाही पण पाऊस आडवा मारतो. यवतेश्वरच्या बाजूनं वारं सुटलं की पश्चिमेची भिंत चार महिने ओली. आमच्या सासूबाईंच्या खोलीत नेमकं त्याच भिंतीला कपाट केलं. दुसऱ्या पावसाळ्यात आतल्या पैठण्यांवर बुरशी. हे पण आधी कुणी तरी बघायला पाहिजे होतं की पावसाच्या तोंडाच्या भिंतीला कपाट नको, तिथं बेड येऊ दे, कपाट आतल्या भिंतीला जाऊ दे.

तंबोऱ्याची_तार
कट्ट्याच्या उंचीबद्दल कुणी बोललंच नाही. (पुण्याची माणसं ओटा म्हणतात, आमच्या मिरजेत कट्टाच.) माझी उंची चार फूट अकरा. आमच्या कॉन्ट्रॅक्टरनी सगळ्या घरांत ३४ इंच करतो म्हणून ३४ केला, वर शेगडी चार इंच, वर कुकर. मी १० वर्षं टाचा उंच करून कुकरमध्ये बघते. खांदे दुखतात. नणंद आली की म्हणते किती छान उंची आहे, ती पाच फूट सहा.

बेदाणा
@तंबोऱ्याची_तार ताई, कोपर दुमडून उभं राहायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातनं चारेक इंच कमी करायचे. तुमच्यासाठी ३१-३२ च्या आसपास येईल. आम्ही तसंच केलं. आणि खिडकीचं पण बघा लोकहो, सगळीकडं तीन फुटांवर खिडकी घेतात, कट्टा ३४ झाला की खिडकीखाली दोनच इंच उरतात, नळाला खिडकीचं दार आपटतं. किचनची खिडकी साडेतीन फुटांवर घ्या.

तंबोऱ्याची_तार
मोजलं. ३६ आलं कोपर. म्हणजे ३२. आमच्या ह्यांना आत्ताच दाखवलं, ते गप्प बसले.

वारणेचा_वाघ
झोपाळा! झोपाळ्याच्या कड्या विसरू नका! आमच्या आजोबांची एकच इच्छा होती, हॉलमध्ये पितळी कड्यांचा झोपाळा. स्लॅब भरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना आजोबा म्हणाले, कड्या टाकल्या का रे? सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

भडंगपुडी
मग?

वारणेचा_वाघ
मग आजोबांनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. नंतर RCC वाल्या इंजिनिअरला विचारून बीमला प्लेट आणि अँकर बोल्ट मारून केलं, पण बीम जिथं होता तिथंच झोपाळा आला, म्हणजे दाराच्या तोंडावर. आजोबा त्यावर बसूनच पेपर वाचायचे, येणारा जाणारा वाकून जायचा.

ओळंबा
झोपाळ्याची कडी सळईला अडकवून वेल्डिंग किंवा बांधून घ्यायची असते, स्लॅबच्या आधी. त्या जागी सळई वाढवायची का ते RCC वाला सांगतो. झुलता भार असतो तो. हळदकांडी, तुमच्याकडं झोपाळा आहे का?

हळदकांडी
प्लॅनमध्ये नव्हता. आईला विचारलं तर ती म्हणाली मला कोण विचारतंय. म्हणजे पाहिजे.

कंदीपेढा
तुमच्या आईंचं वय काय? प्लॅनमध्ये त्यांची खोली खाली आहे की वर, ते बघितलं का? आमच्या वडिलांना पॅरालिसिस झाला तेव्हा खालच्या बाथरूमचं दार सव्वादोन फूट, व्हीलचेअर आत जाईना. दीड वर्ष आम्ही दोघांनी त्यांना उचलून नेलं. दाराची चौकट काढून तीन फुटी करायला निघालो तर शेजारीच कॉलम. डिझायनरनी त्या भिंतीवर टाइल्सचं नक्षीकाम मात्र सुंदर दाखवलं होतं. तुम्ही ते दार आत्ताच तीन फुटी घ्या, उंबरा ठेवू नका, पाणी बाहेर येऊ नये म्हणून उताराचं प्लंबरशी बोला. कमोडशेजारच्या भिंतीत आधाराचा दांडा बसेल अशी वीट भरीव घ्या. आज आई चालत्या-फिरत्या असतील, असू देत, पण घ्या.

उतारमाप
कंदीपेढांनी लिहिलंय ते या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. भिंतीला टांगलेला कमोड घेणार असाल तर त्याची टाकी आणि फ्रेम भिंतीत जाते, चार इंची भिंतीत ती बसत नाही, पुढं वेगळी बुटकी भिंत घ्यावी लागते आणि बाथरूम तेवढं आखूड होतं. ते पण तीन फुटी दाराबरोबरच मोजून घ्या.

निवृत्त_मास्तर
माझा एक आग्रह आहे. सगळं ठरवा, पण थोडं मोकळं पण ठेवा. आमच्या घरात मुली लहान होत्या तेव्हाची खोली आता नातवंडांच्या अभ्यासाची झाली. तुमची लेक चौथीत आहे. भिंतीत बांधलेला छोटा पलंग तिला पाच वर्षांनी पुरणार नाही.

ओळंबा
मास्तरांशी सहमत. मी प्रत्येक खोलीत दोन पाइप रिकामे टाकून ठेवतो, टोकं बॉक्समध्ये बंद. खर्च किरकोळ. पुढं कुणाला इंटरनेट, कुणाला एसी, कुणाला गौरीच्या मखराजवळ प्लग पाहिजे, फक्त वायर ओढायची.

भडंगपुडी
गौरीच्या मखराजवळ प्लग हे मी लिहून घेतलं. आमच्याकडं दरवर्षी एक्स्टेन्शनला पाय अडकून कुणीतरी पडतं.

हळदकांडी
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. सांगलीतलीच एक मुलगी मिळाली, आर्किटेक्चर शिकलेली, तिनं मागच्या साइटची वायरमनची ड्रॉइंग न सांगता काढून दाखवली. फक्त ड्रॉइंगचं लमसम ठरवलं. पहिल्या दिवशी तिनं कुठलं चित्र दाखवलं नाही, घरातल्या पाचही जणांना वेगवेगळं बसवून विचारलं, सकाळी उठल्यापासून काय काय करता. बाबांनी तिला पाऊण तास सांगितलं. वर्षाचे गहू-ज्वारी कुठं ठेवायचे, चटणीच्या बरण्या कुठं, सगळं.
रविवारी तिच्या सांगण्यावरनं प्लॉटवर पांढऱ्या फक्कीनं (चुन्याच्या भुकटीनं) खोल्या आखल्या. प्लॅन मंजुरीच्या आधीच, नुसतं बघायला. बेड, कपाटं, कट्टा, सगळं खऱ्या मापात. आई चप्पल काढून स्वयंपाकघरात शिरली. फक्कीच्या दारातनं! मी म्हणलं अगं कुठनंही जा, तर म्हणाली दारातनंच जायचं असतं. कट्ट्यापुढं उभी राहिली, मागं वळली, फ्रिजच्या चौकोनापाशी गेली, परत आली. मग म्हणाली इथं उभं राहिलं की हॉलमधलं काही दिसत नाही, दिवसभर मी भिंतीकडं तोंड करून उभी राहू का. बाबा काही बोलले नाहीत. खाली वाकून हातानं मधल्या भिंतीची चार फुटांची फक्की पुसली आणि म्हणाले, इथनं उघडं ठेवा.
कट्टा ३२ ठरलाय. खालचं बाथरूमचं दार तीन फुटी. झोपाळ्याच्या दोन कड्या ड्रॉइंगवर आल्यात, RCC वाल्याला पाठवलंय.

कोयनेची_लेक
बाबांना माझा नमस्कार.

ओळंबा
ती मधली भिंत उघडी ठेवताना वर बीम येतो का ते RCC वाल्याकडनं आत्ताच लिहून घ्या, नाहीतर सेंट्रिंगवेळी (स्लॅबखाली फळ्या ठोकताना) बीम खाली लोंबलेला दिसेल. आणि गिलाव्याच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप लावून, पाइप कुठनं गेलेत ते दिसेल असा. पुढं खिळा मारायला तोच उपयोगी पडतो.

हळदकांडी
बीम येतोय, पण तो लॉफ्टच्या आत लपतोय असं ती म्हणाली, उद्या RCC वाल्याकडं जाऊन पक्कं करतो. फोटोचं बाबांना सांगितलं. त्यांनी कपाटातनं जुना स्टीलचा टेप काढून तेल लावून ठेवलाय.